रुळांकाठचे तण आणि बर्लिनचे मास्तर

भोपळ्याची वेल पाहिली नाही असा माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. परसात, उकिरड्याच्या कडेला, गोठ्याच्या छपरावर, हल्ली तर गच्चीतल्या प्लास्टिकच्या पिंपातसुद्धा ती हातपाय पसरते. पाने मोठी, फुले पिवळीधमक, आणि एकदा फळ धरले की घरादाराचे लक्ष फळाकडे. या वेलीला जागोजागी स्प्रिंगसारखे वळलेले हिरवे तंतू फुटतात. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना तणावे म्हणतात. ते परीक्षेत एका गुणाला येतात आणि मग जन्मभर कुणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही.

अशाच भोपळ्याच्या तणाव्यांचा एक कृष्णधवल फोटो १९२८ साली जर्मनीतल्या एका पुस्तकात छापला गेला. फोटोत पान नाही, फूल नाही, भोपळा तर नाहीच. फिक्या, रिकाम्या पार्श्वभूमीवर नुसते ते तंतू, कित्येक पटींनी मोठे केलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावे, की एखाद्या जुन्या हवेलीच्या जिन्याला बसवलेली ही घडीव लोखंडाची वेलबुट्टी आहे. लोहाराने लाल झालेली सळई ऐरणीवर धरून एकेक वळसा दिला आहे. खाली वनस्पतीचे नाव वाचले की माणूस चपापतो आणि पुन्हा चित्राकडे पाहतो. या पुस्तकाने पुढे अनेक पिढ्यांना असे चपापायला लावले.

पुस्तकाचे नाव ‘उरफॉर्मेन डेर कुन्स्ट’, म्हणजे कलेचे आदिआकार. फोटो काढणारे कार्ल ब्लॉसफेल्ट. फोटोग्राफीच्या इतिहासाचे कुठलेही पुस्तक उघडा, हे नाव असतेच. अगदी साध्या, पायाखालच्या वस्तूला भिंगाखाली धरून तिचे रूप दाखवण्याची जी रीत आज घराघरांत मोबाइलवर येऊन पोचली आहे, तिच्या मूळपुरुषांमध्ये त्यांची गणना होते. गंमत अशी की ब्लॉसफेल्ट यांनी फोटोग्राफीचे रीतसर शिक्षण कधी घेतले नव्हते. ते बर्लिनमधल्या एका कलाशाळेतले मास्तर होते. फळ्यावर नकाशा टांगावा तसे हे फोटो ते वर्गात वापरत. तीस वर्षे वापरले. त्यांत कलाकृती आहे असे बाहेरच्या जगाने त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी साठी गाठली होती.

हार्त्स हा जर्मनीच्या मध्यभागातला डोंगराळ, जंगलांचा मुलूख. तिथल्या शिलो नावाच्या खेड्यात १३ जून १८६५ रोजी कार्लचा जन्म झाला. रानावनात वाढलेले पोर, झाडापानांची ओळख आपोआपच झालेली. सोळाव्या वर्षी, १८८१ मध्ये, त्याला जवळच्या मेग्डेश्प्रुंग गावातल्या कलात्मक ओतकामाच्या कारखान्यात उमेदवारीला लावले. दारांच्या जाळ्या, फाटके, कठडे, शोभेच्या वस्तू असा बिडाचा माल तिथे तयार होई. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या सज्जांना पाने आणि वेली ओतलेले बिडाचे कठडे असतात, तशा जातीचा.

या उमेदवारीच्या तीन वर्षांवरून चरित्रकार एका वाक्यात पुढे जातात. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटतात. कोल्हापूरच्या फौंड्रीत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. ओतकामात आधी हव्या त्या वस्तूचा लाकडाचा किंवा मातीचा नमुना करतात, तो दमट वाळूत दाबतात, अलगद बाहेर काढतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेले लोखंड ओततात. सगळी कसोटी त्या अलगद बाहेर काढण्यात. नमुन्याला आत वळलेला एखादा कंगोरा असला, की बाहेर येताना तो वाळूचा साचाच फोडतो. म्हणजे पान ओतायचे तर पान जसे आहे तसे चालत नाही. कुठली शीर ठेवायची, कुठला कात्रा गाळायचा, कुठे कड किंचित उतरती करायची, हे ठरवावे लागते. पान पान तर दिसले पाहिजे आणि वाळूतून सुटलेही पाहिजे. सोळा ते एकोणीस या वयात ज्याचा हात हा हिशेब शिकला, त्याचा डोळा पुढे आयुष्यभर झाडाकडे कसा पाहणार, हे वेगळे सांगायला नको. हा माझा तर्क आहे, पण त्याकडे मला पुढे परत यायचे आहे.

१८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळून कार्ल बर्लिनला गेला. तिथल्या राजघराण्याच्या कलाउद्योग संग्रहालयाला जोडून एक शाळा होती. त्या काळी युरोपात अशा शाळांचे पेवच फुटले होते. यंत्राने माल भराभर निघू लागला होता, पण त्यावरची नक्षी मात्र जुन्या नमुन्यांच्या वह्यांतून उचललेली. ग्रीक मंदिराची पाने गॅसबत्तीच्या खांबावर, गॉथिक कमानी शेगडीवर. कारागीर उसन्या आकारांवर जगू लागले आहेत आणि त्यांना पुन्हा निसर्गाकडे नेले पाहिजे, असे अनेकांना वाटू लागले होते. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये निघाले, ते याच विचारांच्या लाटेत. आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडी भिंतींवर जी पाने, पक्षी, खारी आणि माकडे दिसतात, त्या नक्षीकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. गाडी पकडायच्या घाईत आपण त्यांच्याकडे किती पाहतो, ते सोडा.

बर्लिनमध्ये या विचाराचे कडवे पुरस्कर्ते होते चित्रकार मॉरिट्स मॉयरर. वनस्पतींच्या रचनेचा नीट अभ्यास करून त्यावरून नक्षी शिकवावी, यासाठी शिक्षणाचे साहित्य तयार करण्याचे काम प्रशियाच्या सरकारने त्यांच्यावर सोपवले होते. त्यासाठी ते रोमला गेले आणि हाताखाली जे मोजके तरुण घेतले त्यांत ब्लॉसफेल्ट होते. १८९० च्या दशकाची पहिली काही वर्षे ही मंडळी इटली, ग्रीस आणि उत्तर आफ्रिकेत झाडे गोळा करत हिंडली. ब्लॉसफेल्ट वनस्पतींचे नमुने घडवत. त्या नमुन्यांना आधार म्हणून त्यांनी वनस्पतींचे फोटो काढायला सुरुवात केली. कारण अगदी घरगुती होते. तोडलेली फांदी संध्याकाळपर्यंत मान टाकते. फोटो टाकत नाही.

१८९८ पासून ते बर्लिनच्या आपल्याच जुन्या शाळेत शिकवू लागले. विषय होता, जिवंत वनस्पती समोर ठेवून मातीत आकार घडवणे. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. ते १९१० मध्ये मोडले आणि १९१२ मध्ये हेलेन वेगेनर या ऑपेरा गायिकेशी त्यांनी दुसरा संसार मांडला. घरच्या बाबतीत एवढे पुरे. १९३० मध्ये निवृत्त होईपर्यंत नोकरी एक, गाव एक, विषय एक. मधे महायुद्ध झाले, कैसर गेला, १९२३ मध्ये पावाच्या एका लादीला अब्जावधी मार्क मोजायची वेळ आली. मास्तरांचा वर्ग चालू होता.

वर्गातली अडचण अशी, की कारागिराच्या उपयोगाचे झाडातले बारकावे असतात ते नेमके डोळ्यांना न दिसण्याइतके लहान. पेरावरची गाठ, कळीचा देठ, बोंडाचे झाकण. शंभरदा सांगूनही ते मुलांना दिसत नाही. १९०६ मध्ये शाळेला लिहिलेल्या एका पत्रात ब्लॉसफेल्ट यांनी हेच मांडले आहे. वनस्पती म्हणजे आकारांचा मोठा खजिना आहे, केवळ आकारमान लहान म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते, आणि आपले फोटो ते लहान रूप सोयीच्या मापात आणून विद्यार्थ्यांपुढे ठेवतात, असा त्याचा आशय. सौंदर्य वगैरे शब्दांची आतषबाजी नाही. मापाची सोय, एवढाच दावा. असे फोटो ते वर्गात मोठे करून दाखवत.

फुलवाल्याच्या दुकानातली गुलाब-लिलीची फुले त्यांना नको होती. ते बर्लिनच्या बाहेर चालत जात आणि शेताच्या बांधावरून, रस्त्याच्या कडेहून, रेल्वेच्या रुळांकाठच्या उतारावरून तण उपटून आणत. आपण ज्याला गवत म्हणून मोकळे होतो ते. आणि मग खोलीत उत्तरेकडून येणाऱ्या मंद उजेडात, मागे पांढरा किंवा राखाडी पुठ्ठा लावून, एकच कांडी उभी करत.

कॅमेरा लाकडी, त्यांनी स्वतः बनवलेला, असे सांगतात. त्यात जादू नव्हती, लांबी होती. भिंग आणि मागची काच यांतले अंतर जितके वाढवावे तितकी प्रतिमा मोठी होते. साध्या फोटोत भिंग काचेपासून त्याच्या नाभीय अंतराएवढे दूर असते. ते दुप्पट दूर नेले की वस्तू काचेवर तिच्या खऱ्या मापाची उमटते. पाचपट नेले की चौपट मोठी. पण निसर्ग फुकट काही देत नाही. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो, पाचपट केले की पंचविसावा हिस्सा उरतो. तेवढ्या पटींनी काच उघडी ठेवावी लागते. त्यात एवढ्या जवळून पाहताना स्पष्ट दिसणारा पट्टा केसाएवढा अरुंद होतो. तो रुंदावायला भिंगाचे तोंड बारीक करावे, तर उजेड आणखी कमी. हिशेब करत गेले की एकेका फोटोला दहा-दहा मिनिटे लागतात आणि तेवढा वेळ ती गवताची काडी हलता कामा नये. कुणी दार उघडले, मास्तर शिंकले, की काच वाया. उरलेले मोठेपण फोटो कागदावर उतरवताना यायचे. पुस्तकातली काही चित्रे मूळ झाडाच्या पंचवीस-तीस पट मोठी आहेत. अशा रीतीने त्यांनी सुमारे ६००० फोटो काढले.

त्यांतले काही डोळ्यांसमोर आणून पाहा. एक्विझिटम नावाची, घोड्याच्या शेपटीवरून इंग्रजीत नाव पडलेली एक ओलसर जागेतली वनस्पती आहे. फुले नाहीत, पाने नाहीत म्हणावीत अशी, नुसत्या पेरांच्या कांड्या. ब्लॉसफेल्ट यांच्या फोटोत त्या कांड्या मशिदीच्या मिनारांसारख्या उभ्या राहतात, पेरापेराला झालरीची गॅलरी. नेच्याची कोवळी, गुंडाळलेली पाती बिशपच्या हातातल्या वळणदार दंडासारखी दिसते. आपल्या पावसाळ्यात सह्याद्रीत जागोजागी हीच पाती उगवते; तिथे ती मला सतारीच्या तुंब्यापेक्षा सारंगीच्या वळलेल्या डोक्याची आठवण करून देते, पण हे ज्याच्या त्याच्या चष्म्यावर आहे. खसखशीच्या वाळक्या बोंडावर नक्षीदार झाकण बसते, कुंकवाच्या करंड्यासारखे. बचनागाचा कोंब हात पसरून नाचणाऱ्या बाईसारखा. टीझल नावाचे एक काटेरी बोंड युरोपातले विणकर लोकरी कापडाची लव उचलायला शतकानुशतके वापरत आले. त्याच्या पानांत चर्चच्या खिडकीची जाळी दिसते.

इथे एक सोपा उद्योग सुचवतो. आमच्या खिडकीच्या जाळीवर दरवर्षी कारल्याची वेल चढते. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसले भिंग माझ्याकडे आहे, दहापट मोठे दाखवणारे. एका रविवारी मी ते कारल्याच्या तणाव्याला लावले. नात शेजारी होती. तिने भिंग हातातून घेतले आणि अर्धा तास दिले नाही. तिच्या लक्षात आलेली गोष्ट सांगतो. जाळीला घट्ट धरलेला तणावा एका टोकापासून निघतो, उजवीकडे वळसे घेत मध्यापर्यंत येतो, तिथे क्षणभर सरळ होतो, आणि पुढे डावीकडे वळसे घेत दुसऱ्या टोकाला जातो. दोन स्प्रिंगा उलटसुलट जोडल्यासारख्या. तिने चार-पाच तणावे तपासले. सगळीकडे तेच.

याचे कारण डार्विनने १८६५ मध्ये, म्हणजे ब्लॉसफेल्ट यांच्या जन्माच्याच वर्षी, वेलींवरच्या आपल्या दीर्घ निबंधात उलगडून दाखवले होते. तणाव्याचे टोक आधाराला बांधले गेले की दोन्ही टोके पक्की झाली. आता मधल्या भागाने एकाच दिशेने वळसे घेतले तर पीळ बसून तो तुटेल. म्हणून जितके वळसे उजवे तितकेच डावे. जुन्या टेलिफोनची गुंडाळीची वायर ज्यांनी सोडवत बसून हैराण होऊन घेतले आहे त्यांना ही गोष्ट लगेच पटेल. वळशांमुळे वेल आधाराजवळ ओढली जाते आणि वारा आला की स्प्रिंग ताणून पुन्हा आखडते. वेल तुटत नाही. डार्विन भर वादळात कुंपणापाशी जाऊन कारल्या-भोपळ्याच्याच कुळातल्या ब्रायोनी नावाच्या वेलीकडे पाहत उभा राहिला होता. पुढे त्याच ब्रायोनीचे तणावे ब्लॉसफेल्ट यांच्या काचेवर उतरले. तणाव्याचा देखणेपणा आणि त्याची नोकरी या दोन गोष्टी नव्हेतच. ओतकामाच्या कारखान्यातून आलेल्या मास्तरांना हे डार्विन न वाचताही ठाऊक असणार, कारण चांगल्या कठड्याचेही तसेच असते.

आता त्या तर्काकडे येतो. हे फोटो पाहून लोक म्हणतात, निसर्ग केवढा कलावंत! आणि ब्लॉसफेल्ट यांनी तो जसाच्या तसा दाखवला. यातले दुसरे वाक्य खरे नाही. मास्तर कात्री चालवत. नको असलेली पाने खुडत, फांद्या छाटत, एखादी कांडी दुसरीच्या शेजारी अशी लावत की तोल साधावा. काचेवर नंतर हातानेही दुरुस्त्या करत. भोपळ्याच्या वेलीवरून भोपळ्याचे पान गायब झाले ते असे. एक्विझिटमच्या मिनारांखाली चिखल नाही तो असाच.

हे कळले तेव्हा मला क्षणभर त्या चित्रांची गोडी उणावली. थोडा विचार केल्यावर ती पुन्हा वाढली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात असे केले तर ती लबाडी ठरेल. तिथे झाड पूर्ण हवे. पण हा कारागिरांचा वर्ग होता. वाळूतून नमुना सुटावा म्हणून पानाचा कुठला भाग ठेवायचा आणि कुठला गाळायचा, हे सोळाव्या वर्षी हातात बसलेले गणित मास्तर कॅमेऱ्यापुढेही सोडवत होते. त्यांनी आकार बनवून घातला नाही. जो होता त्याच्या आजूबाजूचा कलकलाट बंद केला. आपली आजी निवडलेल्या तांदळाची रांगोळी ठिपक्यांवर काढते, तेव्हा तीही कमळाचे हेच करते. पैठणीच्या पदरावरची आसावली कुठल्या बागेत तशी उगवते? तरी ती वेल नव्हे असे कोण म्हणेल? सौंदर्य नुसते सापडत नाही आणि नुसते रचलेही जात नाही. ब्लॉसफेल्ट यांच्या कात्रीकडे पाहिले की ही गोष्ट इतकी उघड दिसते, की त्यांच्या भक्तांनी ती कात्री झाकून ठेवू नये असे मला वाटते.

बर्लिनमध्ये कार्ल नीरेनडॉर्फ नावाचे एक कलादालनाचे मालक होते. त्यांच्या नजरेला हे फोटो पडले आणि १९२६ मध्ये त्यांनी ते आपल्या दालनात लावले. बिनपाळतीच्या शाळामास्तरांची शैक्षणिक चित्रे एकदम भिंतीवर गेली. दोन वर्षांनी १२० चित्रांचे ते पुस्तक निघाले, नीरेनडॉर्फ यांच्याच प्रस्तावनेसह. ब्लॉसफेल्ट तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. पुस्तक हातोहात गेले. पुढच्याच वर्षी इंग्रजी आवृत्ती आली. नव्या पिढीचे चित्रकार आणि छायाचित्रकार धूसर, हळवे, चित्रासारखे फोटो काढून कंटाळले होते. त्यांना वस्तूकडे स्वच्छ, कोरड्या नजरेने पाहायचे होते. आणि अचानक त्यांना दिसले, की एक म्हातारे मास्तर कुणालाही न सांगता तीस वर्षे हेच करत बसले आहेत.

मोठ्या लोकांनी या पुस्तकावर लिहिले. विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी त्याच वर्षी त्याचे परीक्षण लिहून, कॅमेऱ्याने माणसाच्या पाहण्याच्या हिशेबात नवी भर घातली आहे असे दाखवले. पॅरिसमध्ये जॉर्ज बताई यांनी १९२९ मध्ये याच फोटोंच्या सोबतीने नेमका उलटा सूर लावला: फुले म्हणजे पावित्र्य आणि प्रेम हा भ्रम आहे, जवळून पाहिले तर त्यांत केसाळ, भीतीदायक, कुजणारे पुष्कळ काही आहे. एकाच माणसाच्या फोटोंत एकाला प्राचीन मंदिर दिसावे आणि दुसऱ्याला पिशाच, हे त्या फोटोंचे यश म्हणायचे. मला विचाराल तर बताई अगदीच चूक नव्हते. एखादा कोंब रात्री एकट्याने पाहू नये असाच आहे.

मास्तर या गदारोळात फारसे बोलले नाहीत. १९३२ मध्ये त्यांचे दुसरे पुस्तक आले, ‘वुंडरगार्टन डेर नाटूर’, निसर्गाची अद्भुत बाग. त्याला त्यांनी स्वतः छोटी प्रस्तावना लिहिली. तीतही सूर तोच: वनस्पती ही कलात्मक आणि वास्तूसारखी बांधणी आहे, तिच्या आकारांमागे गरज आहे, आणि कलेला ताजेपणा हवा असेल तर तिने या झऱ्यावर यावे. त्याच वर्षी ९ डिसेंबरला बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट.

पुढच्या ३० जानेवारीला हिटलर चॅन्सेलर झाला. १९२९ मध्ये ज्या बाउहाउस शाळेने देसाऊमध्ये त्यांचे फोटो मांडले होते, ती १९३३ मध्ये बंद पडली. नीरेनडॉर्फ १९३६ मध्ये अमेरिकेला गेले. बेन्यामिन ज्यू होते. १९४० मध्ये फ्रान्समधून निसटताना स्पेनच्या सरहद्दीवर त्यांनी स्वतःला संपवले. ज्या बर्लिनच्या रुळांकाठी मास्तर तण वेचत, त्या शहराचा युद्धात चेंदामेंदा झाला. आणि जे ढिगारे उरले त्यांवर, जसे कुठल्याही उजाड जागेवर पहिल्यांदा येते तसे, तणच आले.

फोटो मात्र बरेचसे वाचले. त्यांच्या शाळेचा वारसा आज बर्लिनच्या कला विद्यापीठाकडे आहे आणि तिथे त्यांचा मोठा संग्रह आहे. दुसरा महत्त्वाचा संग्रह म्युनिकला आहे. या साऱ्यात मला सर्वांत जवळची वाटते ती एक चीज पुस्तक म्हणून बऱ्याच उशिरा, २००० सालाच्या आसपास लोकांपुढे आली. ब्लॉसफेल्ट यांच्या कामाच्या वेळचे पुठ्ठे. राखाडी पुठ्ठ्यावर काचेच्या मापाचे छोटे छोटे फोटो ओळींनी चिकटवलेले, शिंप्याच्या दुकानातल्या कापडाच्या तुकड्यांच्या वहीसारखे. मुळीच सजवलेले नाहीत. कडा वेड्यावाकड्या कापलेल्या, कुठे खुणा, कुठे आकडे. एका पुठ्ठ्यावर कळ्याच कळ्या, दुसऱ्यावर कोंब, आणखी एकावर भोपळ्याचे तणावे, एकाशेजारी एक, प्रत्येकाचा वळसा वेगळा. यातला कुठला मोठा करायचा ते अजून ठरायचे आहे.